घरबसल्या मानव्यविद्या

अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें १९०१ सालीं दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाचें सार्वजनिक महाविद्यालय निघालें. आजचीं कम्युनिटी कॉलेजें त्याच वळणाचीं. प्रवेशास गुणांची अट बहुधा नसते. दिवसभर नोकरी करणारा विद्यार्थी मानव्यविद्येचा प्राथमिक अभ्यासक्रम आतां संगणकावर पुरा करूं शकतो. ग्रीक शोकांतिका, गॉथिक प्रार्थनामंदिरें, बाखचें संगीत, सारें एका सत्रांत! घाईचेंच म्हणावयाचें. वेळ सोयीची खरी. पण घंटा वाजत नाहीं आणि मागें पडलेल्यास हांक मारणारें जवळ कोणी नसतें. चर्चा बहुधा लेखीच. सहाध्यायाच्या मतास उत्तर लिहिल्यावांचून पुरे गुण मिळत नाहींत. मौन म्हणजे येथें गैरहजेरीच. चित्र मात्र पडद्यावर टिचभर दिसतें. म्हणून कित्येक अध्यापक जवळच्या संग्रहालयांतील एखादी मूळ कलाकृति पाहून तिजविषयीं लिहावयास सांगतात.