वाहकनळीतील तारा आणि वळणांचे घर्षण

विजेच्या तारांच्या संरक्षणाकरिता बसविलेल्या नळीस वाहकनळी अथवा कॉन्ड्यूट म्हणतात. नळी प्रथम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण बसवावयाची व मग तीतून तारा ओढावयाच्या, असा या कामाचा क्रम आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात राहत्या घरांनाही धातूच्या वाहकनळीचा दंडक लागू आहे. आणि त्या देशात बऱ्याच ठिकाणी रीतसर परवाना घेऊन घरमालकास आपल्या घरातील तारकाम स्वतः करता येते. अशा हौशी कारागिराची तार सरळ नळीत सहसा अडत नाही. ती अडते वळणांपाशी. याचे कारण यंत्रशास्त्रातील एका जुन्या सिद्धान्तात सापडते.

खुंटास दोराचे दोनतीन वेढे दिले असता एकटा मनुष्य भरलेली नाव रोखून धरू शकतो. दोराच्या दोन टोकांवरील ताणांचे गुणोत्तर वेढ्याच्या कोनानुसार घातांकी रीतीने वाढते, हे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखविले. वळणाच्या आतील बाजूस घासत जाणारी तार ही त्या दोरासारखीच होय. घर्षणगुणांक 0.5 धरल्यास एका काटकोनी वळणात ताण सुमारे 2.2 पट होतो, दोन वळणांत 4.8 पट, तर चार वळणांत 23 पट. वळणाची त्रिज्या वाढविल्याने हे गुणोत्तर बदलत नाही. मात्र तारेवर पडणारा पार्श्वदाब कमी होतो.

सरळ नळीत ताणाचा गुणाकार होत नाही, केवळ बेरीज होते. 12 गेजच्या तीन तांब्याच्या तारांचे 10 मीटर लांबीस वजन सुमारे 1.1 किलोग्रॅम भरते; तेवढ्या आडव्या नळीत ताणात जेमतेम अर्ध्या किलोग्रॅमची भर पडते. यावरून तार कोणत्या टोकाकडून घालावी, हेही ठरते. आरंभीचा ताण 1 किलोग्रॅम असून मार्गात अशी 10 मीटर सरळ नळी व दोन काटकोन आहेत, असे समजू. वळणे आधी आल्यास अखेरचा ताण सुमारे 5.4 किलोग्रॅम होतो. तीच शेवटी आल्यास 7.5 किलोग्रॅम. म्हणून वळणांच्या जवळील टोकातून तार आत सोडावी व दूरच्या टोकाकडून ओढावी.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेने दोन ओढस्थानांमधील वळणांची बेरीज 360 अंशांवर जाऊ नये असा नियम केला आहे, त्याचे मर्म आता ध्यानात येईल. मध्ये एक पेटी बसविली की तेथे तार बाहेर काढून घेता येते व ताणाची गणना पुन्हा आरंभापासून सुरू होते. तारेच्या आवरणास अपाय न करणारे वंगण वापरून घर्षणगुणांक 0.2 वर आणल्यास चार वळणांतील वाढ 23 पटींवरून साडेतीन पटींवर येते. तीन किंवा अधिक तारा असल्यास त्यांनी नळीच्या छेदाचा 40 टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये, असाही नियम आहे, 15.8 मिलिमीटर आतील व्यासाच्या पातळ पोलादी नळीत 12 गेजच्या टीएचएचएन जातीच्या नऊ तारा बसतात. उष्णता बाहेर पडण्यासही ही मोकळीक आवश्यक असते.

अडलेली तार जोराने ओढणे हा सर्वांत घातक उपाय होय. नळीच्या कापलेल्या तोंडावरील कंगोरा घासून काढला नसेल, तर तेथे किंवा वळणावर आवरण सोलले जाते. ही जखम बाहेरून दिसत नाही. परंतु उघडे तांबे धातूच्या नळीस टेकल्यास, आणि नळीची भूजोडणी सदोष असल्यास, सबंध नळीच विद्युत्‌भारित होते. म्हणून ओढकाम संपल्यावर, प्रवाह सोडण्यापूर्वी, तारांची रोधपरीक्षा करणे अगत्याचे आहे.

भारतात दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तू बदलण्यापलीकडचे तारकाम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. तथापि नळीचा मार्ग घर बांधतानाच ठरतो. त्या वेळी एक वळण टाळणे अथवा एक पेटी वाढविणे, हे पुढे तारेवर लावाव्या लागणाऱ्या कोणत्याही बळापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.