सोड्यांचा डबा आणि तो भरणाऱ्या बायका

आमच्या लष्करातल्या काही मराठी घरांत, विशेषतः कायस्थ प्रभू आणि सारस्वतांकडे, सोड्यांचा एक घट्ट झाकणाचा डबा असायचाच. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले की तो भरायचा. (डब्याशेजारी कुणी बसायला तयार नसे, ते सोडा.) 1889 मध्ये झाशीहून ग्वाल्हेरला रेल्वे आली आणि मुंबईची वाट सोपी झाली. शिंदेशाहीच्या कागदांत सरदारांची नावं हवी तेवढी सापडतात. हा डबा ज्यांच्या हातून भरला त्या कोळणींची नाहीत.

मी इंजिनिअर माणूस, म्हणून आधी हिशोब. ओल्या बोंबलात 85 टक्के पाणी धरलं, तर 10 किलोत कोरडा ऐवज उरतो दीड किलो. मग एवढी मेहनत का? ओला बोंबील संध्याकाळपर्यंत पडेल त्या भावात द्यावा लागतो. वाळवला, की विकणारीला थांबता येतं. कोळीवाड्यात मासे धरणं पुरुषांचं, वाळवणं आणि विकणं बायकांचं. थांबता येणं म्हणजे भाव तिच्या हातात येणं.

वर्सोवा, उत्तन, अर्नाळ्याला दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टांगतात. वारा सगळीकडून लागतो. जवळा मात्र जमिनीवर पसरला की रेती चिकटते आणि गिऱ्हाईक लगेच भाव पाडतं. म्हणून मिठाच्या पाण्याची धुलाई, जमिनीपासून वर बांधलेली जाळी, सौर वाळवणी या सुधारणा वरवर किरकोळ वाटल्या तरी थेट कमाईच्या आहेत. सौर वाळवणीला आधी भांडवल लागतं, आणि ते गटानं मिळून उभं करावं लागतं. अवकाळी पाऊस आला तर उघड्यावरचा माल एका रात्रीत जातो.

1997 मध्ये युरोपीय संघानं सुक्या बोंबलाची आयात बंद केली, कारण तो मान्यताप्राप्त कारखान्यात तयार होत नव्हता. पुढे तोडगा निघाला: वाळवा उघड्यावरच, पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी करा. वाळवण्याची जुनी रीत टिकली. पण परदेशचा भाव पॅकिंगच्या टेबलाशी ठरू लागला, आणि तिथे कोळीण असेलच असं नाही.

सोड्यांत तर सगळी मजुरी बोटांची. एकेक कोळंबी सोलायची, मग वाळवायची. भाव जास्त का, ते सोलून बघितलं की कळतं.

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, ही विक्री जोरात असते. 1 जूनपासून मासेमारी बंद, तेव्हा घर याच पैशावर चालतं. मुंबईत मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात आजही टोपल्यांमागे बायकाच बसलेल्या दिसतात. आमच्याकडचा डबा हल्ली तिथूनच भरून येतो.