पाणी तपासले म्हणजे काय तपासले?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. काही दिवसांतच टक्कल पडू लागले. पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला. नमुने तपासले, तर त्यांत नायट्रेट आणि क्षार मर्यादेपेक्षा जास्त निघाले. झाले, कारण सापडले असे अनेकांना वाटले. पण तिथले पाणी काही त्याच महिन्यात खारे झाले नव्हते. पुढे २०२५ मध्ये रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळले आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत रोख रेशनच्या गव्हाकडे वळला.

पाण्याचा अहवाल चुकीचा नव्हता. त्याला जे विचारले तेवढेच त्याने सांगितले होते.

आपल्या गावात पाण्याची तपासणी होते म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. रोजची तपासणी क्लोरीनची. जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. जितका गडद रंग, तितका क्लोरीन जास्त. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. पावडर उघड्या पोत्यात पडून राहिली तर तिच्यातील क्लोरीन उडून जातो. मग टाकणारा रोज इमानाने टाकतो आणि नळाला रंग काही येत नाही!

दुसरी तपासणी जंतूंची. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू एकही सापडता कामा नये. यासाठीची बाटली निर्जंतुक असते आणि तिच्यात थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते कशाला? पाण्यातील क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहील आणि प्रयोगशाळेत नमुना होता त्याहून स्वच्छ दिसेल, म्हणून. मुलांना हे कारण आधी ओळखायला सांगावे.

तिसरी तपासणी रासायनिक. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला, खरी गरज हिची. तिथल्या गाळाच्या थरांतच क्षार आहेत. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे सवलत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते. टीसीएलने क्षारही जात नाहीत, नायट्रेटही नाही. पाणी उकळले तर जंतू मरतात, पण वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट थोडे वाढतातच.

आता ग्रामपंचायतीला मिळणारे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड घ्या. स्रोताभोवतीची घाण, गळक्या वाहिन्या, क्लोरीन टाकण्याची नियमितता अशा गोष्टी पाहून ते देतात. पद्धत चांगली आहे. पण हिरव्या कार्डाच्या गावातले पाणी खारट असू शकते, नायट्रेटचेही असू शकते. कार्डावरून ‘आमचे पाणी शुद्ध’ असा फलक लावलेला दिसला की आम्हाला थोडी काळजी वाटते.

म्हणून अहवाल हाती आला की आधी पाहावे: नमुना विहिरीचा की नळाचा? पावसाळ्यापूर्वीचा की नंतरचा? कोणते घटक तपासले, आणि कोणत्या रकान्यात नुसती रेघ आहे?

वर्गाला एक काम देता येईल. आठवडाभर शाळेच्या नळाची क्लोरीन चाचणी जलसुरक्षकाकडून मुलांसमोर करून घ्यावी. ऑर्थोटोलिडीन विषारी आहे, बाटली मुलांच्या हाती देऊ नये. वार, वेळ आणि रंग मुलांनी फळ्यावर लिहावा. रंग आला नाही त्या दिवशी तीच नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे नेऊन द्यावी.