कै. केशवराव जेधे यांच्या चरित्राचीं साधनें

जेधे हें नांव आमच्या वाचकांस लो. टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या शकावलीमुळें सुपरिचित आहे. पुढें टिळकांवर कठोर टीका करणाऱ्या ‘देशाचे दुश्मन’ (१९२५) या पुस्तिकेच्या खटल्यांत आरोपी झाले तेही जेधेच, पुण्याचे केशवराव (१८९६–१९५९). अपिलांत त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. हेच केशवराव नंतर काँग्रेसमध्यें आले, १९४८ च्या सुमारास शेतकरी कामगार पक्षाच्या उभारणींत अग्रभागीं होते, १९५४ सालीं काँग्रेसमध्यें परतले व १९५७ सालीं बारामतींतून लोकसभेवर निवडून आले. सबब एका काळच्या पत्रकावरून सबंध चरित्राचा निर्णय करणें युक्त नव्हे. शकावलीचें महत्त्व तिच्यांतील मित्यांत आहे. अर्वाचीन कागदांसही तोच न्याय लागू. संग्राहकांनीं अशीं पत्रकें रद्दींत जाण्यापूर्वीं मिळवून सालवार लावावीं.