विश्लेषण : नदीत सापडलेले हाड टेरोसॉरचे आहे, हे ठरते कसे?

वाळू उपसताना किंवा विहीर खोदताना दगडासारखे जड हाड लागले, की त्याचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर जातो आणि तज्ज्ञांकडे नंतर, गेलाच तर. तोवर त्याला ‘डायनासोर’ किंवा ‘उडणारा राक्षस’ असे नाव चिकटलेले असते. बीड जिल्ह्यात असा दावा कितपत टिकेल?

बीडमध्ये शक्यता किती?

जवळपास नाहीच. टेरोसॉर म्हणजे उडणारे सरीसृप. ते डायनासोरही नव्हेत आणि पक्षीही नव्हेत. हाताच्या लांबलचक चौथ्या बोटावर ताणलेला पडदा हा त्यांचा पंख. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते नष्ट झाले. बीडचा बहुतांश भाग साधारण त्याच सुमारास वाहिलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणावर उभा आहे आणि तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही. या खडकाच्या पोकळीतली गारगोटी आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल दगड मात्र ‘हाड’ आणि ‘अंडी’ म्हणून सहज खपतात.

नदीच्या गाळाची गोष्ट वेगळी. पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरेच्या गाळात, पुढे लातूर जिल्ह्यातील हरवाडी येथे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्ती आणि पाणघोड्यांचे जीवाश्म मिळाले. त्यांचे वय हजारो वर्षांचे आहे, कोट्यवधी नव्हे. पण मांजरेत कधीकाळी पाणघोडे डुंबत होते, हीसुद्धा लहान बातमी नाही.

चांद्याच्या टेरोसॉरचे काय झाले?

टेरोसॉरच्या काळातले खडक राज्याच्या पूर्व टोकाला, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात आहेत. तिथल्या ज्युरासिक काळातील ‘कोटा’ थरांत, तत्कालीन चांदा जिल्ह्यात, जबड्याच्या पुढच्या भागाचा एक तुकडा सापडला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील एस. एल. जैन यांनी १९७४ मध्ये मोठ्या, रुंद बुडाच्या दातांवरून तो टेरोसॉर ठरवला आणि ‘कॅम्पिलोग्नॅथॉइड्स इंडिकस’ असे नाव दिले.

२००८ मध्ये अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ केविन पेडियन यांनी या वंशाची फेरतपासणी केली. हे दात वेगळी जात ठरवण्याइतके खास नाहीत आणि हा तुकडा बहुधा माशाचा असावा, असे त्यांचे मत पडले. कोटा थर माशांच्या जीवाश्मांसाठी १९व्या शतकापासून ओळखले जातात, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. थर, ठिकाण, नमुना क्रमांक अशी सगळी नोंद असलेल्या जीवाश्माची ही गत, तर फोटोवरून नाव कसे ठरणार?

मग खात्री कशी करतात?

टेरोसॉरची हाडे पातळ नळीसारखी पोकळ असतात. मोठ्या प्राण्यातही हाडाची भिंत अनेकदा मिलिमीटरभरच. नळी त्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा कमी वाकते, उडणाऱ्याला तेच हवे. पण गाडली गेल्यावर अशी हाडे चेपतात, म्हणून अखंड, जाडजूड ‘टेरोसॉर’ दिसला की शंका घ्यावी. अतिनील प्रकाशात गोंद आणि हाड वेगळे चमकतात, तर सीटी स्कॅनमध्ये भर घातलेली जागा उघडी पडते. ब्राझीलमधील एक कवटी सुरुवातीला टेरोसॉरची समजली गेली होती. विक्रेत्यांनी किंमत वाढवण्यासाठी तिचा जबडा कृत्रिमरीत्या लांबवला होता. ती डायनासोरची निघाली आणि झालेल्या मनस्तापावरून १९९६ मध्ये तिचे नावच ‘इरिटेटर’ ठेवले गेले. जिभेला चिकटले तर जीवाश्म, ही युक्ती शेतात ठीक. सच्छिद्र मातीही चिकटते.

हाड सापडले तर काय करावे?

उचलू नये. वय सांगणारा मुख्य पुरावा हाडात नसून ते ज्या थरात रुतले आहे त्यात असतो. गोदाकाठी जेसीबीच्या बकेटमधून हाड ढिगाऱ्यावर आले, की तो पुरावा गेला. केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भूअवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला होता. गावात करण्यासारखे काम त्याहून सोपे आहे : शेजारी पट्टी ठेवून फोटो, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश, किती खोलीवर मिळाले त्याची नोंद, आणि ही माहिती तहसील कार्यालय, डेक्कन कॉलेज किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला.