चाकांवरचें घर

पुणें जिल्ह्याच्या अगदीं आग्नेय टोंकास, इंदापूर तालुक्यांत, नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर नरसिंहपूर हें क्षेत्र वसलें आहे. येथील श्रीलक्ष्मीनृसिंह महाराष्ट्रांतील अनेक कुटुंबांचें कुलदैवत. नोकरीधंद्यानिमित्त दूर गेलेलीं माणसें दर्शनास येतात, घाटावर घटकाभर बसतात आणि पुन्हां आपल्या रहाटगाडग्यास जुंपून घेतात. उठतांना पुष्कळांच्या मनांत एक विचार डोकावतो : हें परतणें टाळतां आलें तर? घरच बरोबर घेऊन नदीच्या कांठाकांठानें हिंडतां आलें आणि जें दिसेल तें लिहितां आलें, तर काय बहार होईल!

हा विचार केवळ मनोराज्य राहिलेला नाहीं. निजणें, रांधणें, स्नान आणि लिहिणेंवाचणें यांची सोय ज्या वाहनांत केलेली असते, त्यास मोटारघर म्हणतां येईल. त्याचे स्थूलमानानें तीन प्रकार. पहिल्यांत घराची पेटी स्वतंत्र असून ती मोटारीमागें जोडून ओढली जाते. दुसऱ्यांत मोठ्या वाहनाच्या सांगाड्यावरच घर बांधलेलें असतें. तिसऱ्यांत साध्या मालवाहू गाडीच्या पोटांत फळ्या, बिछाना आणि चूल बसवून काम भागविलेलें असतें. अशा वाहनांच्या पर्यटनास उत्तेजन मिळावें म्हणून महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं स्वतंत्र धोरणही मंजूर केलें.

या हौसेचा आरंभ मात्र मोटारीच्या आधींचा आहे. ब्रिटिश आरमारांतून निवृत्त झालेले डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे मुलांसाठीं साहसकथा लिहीत. त्यांनीं १८८५ सालीं ब्रिस्टल येथील कारखान्यांत 'वाँडरर' नांवाचें घोड्यांनीं ओढावयाचें घर बांधवून घेतलें. त्याचें वजन सुमारें दोन टन आणि ओढण्यास दोन घोडे. त्यांतून ते इंग्लंडच्या दक्षिण भागांतून निघून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि पुढील वर्षीं त्या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध झालें. फिरतें घर आणि त्याविषयींचें लेखन हीं दोन्ही अशीं आरंभापासूनच जोडीनें चाललीं आहेत. परंतु डॉक्टरांबरोबर घोडे हांकण्यास सारथी होता आणि सेवेस एक नोकरही होता, हें विसरूं नये.

आजच्या मोटारघरांत नोकर नसतो. त्याची जागा हिशेबानें घेतलेली असते. पहिला हिशेब पाण्याचा. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. पिणें, रांधणें, भांडीं आणि बादलीभर स्नान मिळून माणशीं पंचवीस लिटर धरले, तरी दोघांस दिवसाला पन्नास लिटर लागतात. म्हणजे शंभर लिटरांची टांकी दोन दिवसांत रिकामी! टांकी मोठी घ्यावी तर वजन वाढतें, इंधन अधिक जळतें आणि टायरांवर व ब्रेकांवर ताण येतो.

दुसरा हिशेब विजेचा. बारा व्होल्टांच्या, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरींत बाराशें वॅट-तास वीज सांठते. तीस वॅटांचा पंखा रात्रीं दहा तास चालविला तर तिचा चौथा हिस्सा खर्च होतो. परंतु हवा थंड करणारें हजार वॅटांचें यंत्र लावलें तर सारी शिल्लक तासा-सव्वातासांत संपते. म्हणून सूर्यप्रकाशापासून वीज करणारीं तावदानें टपावर बसवितात. पण आषाढांतील ढगांपुढें तींही हात टेकतात.

तिसरा हिशेब सांडपाण्याचा आणि मैल्याचा. तो सांठविण्यास निराळी टांकी लागते आणि ती योग्य ठिकाणींच रिकामी करावी लागते. रम्य नदीकांठीं गाडी उभी करून घाण त्याच नदींत सोडणें म्हणजे खालच्या गांवाच्या पाण्यांत विष कालविणें होय. चौथी गोष्ट हवेची. थंडीच्या दिवसांत सर्व खिडक्या लावून आंत शेगडी पेटवून निजल्यास कार्बन मोनॉक्साइड वायु सांठतो. त्यास ना रंग, ना वास. निजलेला मनुष्य उठतच नाहीं. याशिवाय हयातीचा दाखला, औषधें, बँकेचीं आणि मतदानाचीं कागदपत्रें यांस कायमचा पत्ता लागतो. चाकांवर राहणाऱ्यासही कोठें तरी एक उंबरठा राखून ठेवावा लागतो, तो यासाठीं.

आतां लेखनाकडे वळूं. जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकारानें १९६० सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, एका मालमोटारीवर लहानसें घर चढवून आणि बरोबर चार्ली नांवाचा कुत्रा घेऊन आपला देश पालथा घातला. १९६२ सालीं त्या प्रवासाचें पुस्तक निघालें आणि त्याच वर्षीं त्यास नोबेल पारितोषिकही मिळालें. पुढें इतरांनीं त्याच वाटेनें जाऊन ताळा पाहिला, तेव्हां असें आढळलें कीं, त्याच्या कित्येक रात्री हॉटेलांत गेल्या होत्या आणि बरेच दिवस पत्नीही बरोबर होती. पुस्तकाची गोडी त्यामुळें नाहींशी होत नाहीं. परंतु तें वाचून घरदार विकणाऱ्याची फसगत होऊं शकते. फिरत्या घराविषयीं लिहिणाऱ्यानें सूर्यास्ताबरोबर रिकामी टांकीही लिहिली पाहिजे.

आपल्याकडे गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनीं लहानपणींच घर सोडलें, पायीं पुष्कळ देश पाहिला आणि नर्मदेची परिक्रमा केली. त्यांच्यापाशीं मोटार नव्हती, झोळी होती. पुढें ते तळेगांव दाभाडे येथें स्थिर झाले आणि त्यांनीं लेखणीवर संसार चालविला. अनुभव वाटेवर मिळतो. परंतु तो कागदावर उतरण्यास बहुधा बैठकच लागते.

येथवर स्वेच्छेनें निघालेल्यांची कथा झाली. जेसिका ब्रूडर या पत्रकर्तीनें २०१७ सालीं 'नोमॅडलँड' या पुस्तकांत निराळ्या माणसांची हकीकत सांगितली. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेंतील अनेक वृद्धांस घराचा खर्च झेपेना. तीं गाड्यांत राहूं लागलीं आणि हंगामी कामांमागें फिरूं लागलीं. त्यांतील एक काम साखरेच्या बीटाच्या सुगीचें. ही गोष्ट इंदापूर-बारामतीच्या मनुष्यास परकी वाटण्याचें कारण नाहीं. दर हिंवाळ्यांत बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतून ऊसतोडीचीं कुटुंबें या भागांतील कारखान्यांच्या शेतांवर येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायको मिळून एक 'कोयता' होतात. बैलगाडींत संसार, शेताच्या कडेला कोपी आणि मुलांची शाळा मागें गांवीं राहिलेली. चाकांवरचें घर म्हणावें तर हेंही तेंच आहे. त्यास हौस मात्र कोणी म्हणणार नाहीं.

नीरेच्या पलीकडे, फलटण तालुक्यांतील निरगुडी येथें लक्ष्मण माने यांचा जन्म झाला. त्यांचें कुटुंब कैकाडी. गाढवांवर बिऱ्हाड लादून गांवोगांव हिंडावें आणि टोपल्या विणून पोट भरावें, असा क्रम. तशांतही वडिलांनीं मुलास शाळेंत घातलें. त्या मुलानें मोठेपणीं लिहिलेलें 'उपरा' हें आत्मकथन १९८० सालीं निघालें आणि त्यास १९८१ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. स्टेबल्ससाहेब स्थिर घरांतून फिरत्या घरांत गेले आणि त्यांनीं लिहिलें. माने फिरत्या बिऱ्हाडांतून शाळेच्या बांकावर आले आणि त्यांनींही लिहिलें. दोघांची वाट एकच. दिशा मात्र उलट. परतण्यास दार आहे अशाचें फिरणें मोकळें असतें. ज्यास तें दार नाहीं, त्याच्या फिरण्यास मोकळीक म्हणणें ही क्रूर थट्टा होय.

म्हणून नरसिंहपूरच्या घाटावर बसून मोटारघराचा बेत करणाऱ्यानें प्रथम राहतें घर विकूं नये. उन्हाळ्यांत एक महिना व पावसाळ्यांत एक महिना भाड्याच्या वाहनांत राहून पाहावें. रोज सायंकाळीं वही उघडून पाणी, इंधन, दुरुस्ती आणि दिवसभर न झालेलें बोलणें यांचा जमाखर्च मांडावा. दोन महिन्यांनीं ती वही पुन्हां वाचली म्हणजे पुढें जावें कीं घरीं परतावें, हें तीच सांगेल. पुढें जाणें ठरलेंच, तर हिंवाळ्यांत बारामतीकडून इंदापुराकडे येतांना वाटेंत उसाच्या गाड्यांची रांग लागेल. तिला ओलांडून जाण्याची घाई करूं नये. गाडी कडेला घ्यावी, कोपीपाशीं जावें आणि त्या माणसांचा प्रवास कोठून सुरू झाला तें विचारावें.