कोणाला काय येत नाही?

१९९०च्या दशकात पुण्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो. दरवर्षी वरिष्ठ कार्यालयाचे पत्रक येई : शाखेत कोणाला कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे ते कळवावे. मी दरवर्षी एकाच तरुण कारकुनाचे नाव पाठवी. त्याला सारे येतच होते. पण त्याच्याकडे ठरलेला काउंटर नव्हता, म्हणून तो आठवडाभर नसला तरी काम अडत नसे. बचत खात्याच्या काउंटरवरच्या बाईंना मात्र सोडणे परवडत नसे. सगळी रांग त्यांच्यापुढेच असे.

मग लेजरे गेली आणि संगणक आले. खातेदाराचा चेहरा पाहताच लेजरचे नेमके पान उघडणाऱ्या बाईंची बोटे की-बोर्डवर अडखळू लागली. मी विचारले की त्या म्हणत, "जमतंय साहेब." मी ते खरे मानले, कारण तसे मानणे सोयीचे होते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा आमच्या शाखेतला पहिला अर्ज त्यांचा होता. निरोपाच्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "कोणी शिकवलं असतं तर शिकले असते हो."

हे आठवायचे कारण माझी भाची. ती सरकारी कचेरीत आहे. परवा मोबाइल पुढे करून म्हणाली, "मामा, ऑनलाइन चाचणी आहे. मला काय येतं नि काय येत नाही, ते बघणार म्हणे. खरं लिहू?"

ही कल्पना मुळात चांगली आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी'ला मंजुरी दिली, तिच्या मुळाशी हेच सूत्र आहे. आधी त्या खुर्चीचे काम काय ते ठरवायचे, त्याला कोणते ज्ञान आणि कौशल्य लागते ते पाहायचे, माणसापाशी त्यातले किती आहे ते तपासायचे आणि उणे असेल तेवढे शिकवायचे. आपल्या बाणेर रस्त्यावरच्या 'यशदा'त राज्यभरातून अधिकारी-कर्मचारी शिकायला येतात. तिथे योग्य माणूस पोहोचायचा, तर आधी गरज नेमकी कळायला हवी. माझ्यासारख्या साहेबाच्या सोयीवर ती सोडून चालणार नाही.

वाचकहो, यात आपलाही स्वार्थ आहे. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आपल्याला दिला. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण ज्याला काम येतच नाही, त्याचा हात दंडाच्या धाकाने कसा चालणार?

मात्र दोन पथ्ये पाळायला हवीत. पडद्यावरची चाचणी नियम माहीत आहे की नाही ते सांगते. पण गोंधळलेल्या आजोबांना दोन शब्द नीट समजावता येतात का, ते काउंटरपाशी उभे राहूनच कळते. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. रक्तात साखर निघाली म्हणून डॉक्टर कोणाची पगारवाढ रोखत नाहीत, औषध देतात. चाचणीतले कमी गुण गोपनीय अहवालात जाऊन बसणार असतील, तर सगळेच "जमतंय साहेब" म्हणतील. मग चाचणी कागदावरची काय आणि ऑनलाइन काय, सारखीच!

भाचीला म्हटले, "खरं तेच लिही."

"आणि साहेब काही बोलले तर?"

मला उत्तर सुचेना. बाईंनी मला खरे सांगितले असते, तर मी काय केले असते? प्रामाणिकपणे सांगायचे, तर त्या वर्षीही मी त्या तरुणाचेच नाव पाठवले असते. म्हणून वाटते, ही चाचणी पहिल्यांदा साहेबांची घ्यावी. प्रश्न एकच : हाताखालच्या माणसाने "मला येत नाही" म्हटले, तर तुम्ही काय कराल?